अमुक बिन तमुक

तुम्हाला तुमच्या किती पिढ्यांची नावं सांगता येतात? न अडखळता, कोणाला फोन न लावता?

बहुतेकांची गाडी पणजोबांपाशी थांबते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, कारण आपल्याकडे हिशोबच तीनचा आहे. श्राद्धाला गुरुजी विचारतात ती नावं वडील, आजोबा आणि पणजोबा यांची. घरात नवा माणूस गेला की यादीत त्याची भर पडते आणि सगळ्यात जुना माणूस आपोआप यादीबाहेर जातो. आमच्या भाषेत सांगायचं तर तीन नोंदींचा बफर. चौथी आली की पहिली पुसली.

मग चौथ्या पिढीच्या मागे काय? आमच्या घरात याचं उत्तर ठरलेलं होतं: 'आपले पूर्वज पानिपतावर होते.' तुमच्याही घरात असेल. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरातून एकेक माणूस पानिपतावर गेला होता असं धरलं, तर अब्दाली जिंकलाच कसा हा प्रश्न पडतो. :)

तर गेली दोनेक वर्षं मी शनिवार-रविवार आणि शिल्लक रजा या उद्योगात घालवतोय. आमचं घराणं ना देशमुखांचं ना सरदारांचं. सातारा जिल्ह्यातलं एक गाव, थोडी जमीन, बस्स. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात नाव सापडण्याची शक्यता शून्य. पण कागदात नाव सापडण्याची शक्यता मात्र चांगली आहे, हे मला हळूहळू कळत गेलं. ते कसं, आणि कोणाची नावं सापडत नाहीत, हे सांगण्यासाठी हा लेख.

मागून पुढे नाही, पुढून मागे

पहिला नियम: शिवकालापासून सुरुवात करून स्वतःपर्यंत यायचं नाही. तसं केलं की माणूस हमखास कुठल्यातरी सरदाराच्या वंशात जन्म घेतो. स्वतःपासून सुरू करायचं आणि एकेक पायरी मागे जायचं. प्रत्येक पायरीला कागद पाहिजे. डीबगिंगसारखंच आहे हे.

पहिली पायरी घरातली. जुने शाळा सोडल्याचे दाखले, लग्नपत्रिका, देवघरातल्या वह्या, टाकांच्या मागे कोरलेली अक्षरं. दुसरी पायरी गावची शाळा. तिथलं जनरल रजिस्टर जपून ठेवलेलं असेल तर आजोबांच्या दाखल्यावर त्यांच्या वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख मिळते. जन्मतारीख १ जून निघाली तर विश्वास ठेवू नका. ती आजोबांची नाही, मास्तरांची सोय आहे.

तिसरी पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात श्रीमंत, म्हणजे तलाठ्याचे आणि तहसिलीच्या अभिलेख कक्षातले कागद. ७/१२ सगळ्यांना माहीत असतो. पण वंशावळ शोधणाऱ्याचा खरा मित्र म्हणजे फेरफार, गाव नमुना ६. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला आणि तेव्हापासून जमिनीवरच्या हक्कात झालेला प्रत्येक बदल लिहून ठेवायची पद्धत रुळली. जमीन विकली, गहाण टाकली, वाटणी झाली, माणूस मेला की फेरफार. माणूस मेल्यावर वारस कोण हे लिहावं लागतं, आणि वारसांची यादी म्हणजेच वंशावळीचा एक तुकडा. ७/१२ वर फेरफाराचे नंबर असतात. एक नंबर धरून मागचा उघडायचा, तिथून त्याच्या मागचा. लिंक्ड लिस्टच आहे ही, फक्त पॉइंटर शाईत लिहिलेत आणि मधली काही पानं वाळवीने खाल्लीत.

या कागदांना स्वतःची लघुलिपी आहे. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलंय, पण जमीन सगळ्यांची आहे. निम्मे भावबंदकीचे खटले या तीन अक्षरांतून जन्माला आले असावेत. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस लहान आहे, त्याच्या वतीने कोणीतरी मोठं माणूस सांभाळतंय. या तीन अक्षरांकडे आपण पुन्हा येणार आहोत.

चौथी पायरी जन्म-मृत्यूच्या नोंदींची, गाव नमुना १४. लोक याला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कशाने मेलं. रकाने कोरडे असतात. 'ताप', 'पटकी', 'देवी', 'बाळंतरोग'. वाचताना आधी मजा वाटते, नंतर वाटत नाही.

मोडी, आणि उलटी वर्षं

इथपर्यंत आलात की भिंत लागते. भिंतीचं नाव मोडी.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावोगावचे बरेच व्यवहार मोडीत लिहिले जात. छापायला बालबोध म्हणजे देवनागरी, आणि हाताने भराभर लिहायला मोडी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लटकवत जायची. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून केलेली रचना आहे ही, आणि वाचलेला तो सगळा वेळ आता वाचणाऱ्याकडून वसूल होतो.

पण शिकता येते. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडीचे वर्ग चालतात (हे मंडळ १९१० साली इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापन केलं). अक्षरओळख दोन-तीन आठवड्यांत होते. प्रत्यक्ष कागद वाचता यायला मात्र काही महिने जातात, कारण प्रत्येक कुलकर्ण्याचं अक्षर वेगळं. आणि हो, २०१४ पासून मोडी युनिकोडमध्येही आहे. ज्या लिपीत आपले खापरपणजोबा कर्ज घेत होते ती आता मोबाइलवर उमटू शकते, याचा मला उगाचच आनंद होतो.

लिपी जमली की दुसरा अडथळा तारखांचा. जुन्या कागदात शके असेल तर सोपं, ७८ मिळवले की इसवी सन. पण मराठेशाहीच्या कागदांत बहुतेकदा शुहूर सन भेटतो आणि तोही अंकांत नाही, अरबी शब्दांत. उदाहरणार्थ 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. एकक आधी, मग दशक, मग शतक, शेवटी हजार. आमच्यातले जे लोक 'लिटल एंडियन' म्हणजे काय ते इंटरव्ह्यूसाठी पाठ करतात, त्यांनी हे बघावं. पेशव्यांचे कारकून ते रोज लिहीत होते. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे पेरणीच्या हंगामाला सुरू होतं. त्यात ५९९ मिळवले की सुरुवातीचं इसवी साल येतं. ११६१ अधिक ५९९ म्हणजे १७६०. जून १७६० ते जून १७६१. हेच ते पानिपताचं वर्ष.

आणि तिसरा अडथळा सगळ्यात अवघड: माणसाची ओळख. जुन्या कागदात सामान्य माणसाला आडनाव बहुधा नसतंच. 'अमुक बिन तमुक, मौजे अमके' एवढंच. बिन म्हणजे त्याचा मुलगा, वल्द म्हणजेही तेच. बाई असेल तर 'कोम' किंवा 'भ्रतार' आणि पुढे नवऱ्याचं नाव. आता यात गंमत अशी, की आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. म्हणजे अमुक बिन तमुक, त्याचा मुलगा तमुक बिन अमुक, त्याचा परत अमुक बिन तमुक! शंभर वर्षांत तीच दोन नावं आलटून पालटून. प्रायमरी की नसलेला डेटाबेस. त्यात कोणी दत्तक गेला की बापाचं नाव बदलतं, आणि एकच माणूस दोन घरांत दिसतो. अशा वेळी नावावर जायचं नाही, जमिनीवर जायचं. शेताचा सर्व्हे नंबर सहजासहजी बदलत नाही. माणसं बदलतात, शेत तिथेच असतं.

रुमालात बांधलेलं राज्य

१९०० च्या मागे गेलं की गावचे कागद पातळ होतात आणि मग पुण्याचं पुराभिलेखागार आठवतं. १८९१ सालची दगडी इमारत, आत पेशवे दफ्तर. कागद कापडात बांधून ठेवलेले, म्हणून त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल, आणि त्यात कोट्यवधी कागद. गो. स. सरदेसाईंनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला निवडक कागदांचे ४५ खंड छापले, आणि तरीही ते समुद्रातलं ओंजळभर पाणी आहे.

हे कागद एवढे नीट का ठेवले गेले? इंग्रजांना इतिहासाचं प्रेम होतं म्हणून नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा असंख्य लोकांकडे इनामं आणि वतनं होती, म्हणजे सारामाफीच्या जमिनी आणि वंशपरंपरेचे हक्क. ही इनामं खरी की खोटी हे तपासायला इनाम कमिशन बसलं, १८५२ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले. इनामदाराला सिद्ध करावं लागे की मूळ इनाम कोणाला मिळालं आणि त्याच्यापासून आपण कसे उतरलो. म्हणजे वंशावळ दाखल करा, नाहीतर जमिनीवर सारा भरा. लोकांनी कैफियती लिहून दिल्या आणि सरकारने त्या जुन्या दफ्तराशी ताडून पाहिल्या.

त्याआधीही हेच होतं. पाटीलकी किंवा कुलकर्णाचा तंटा उभा राहिला की दोन्ही बाजू आपला 'करीना' देत. म्हणजे आमचा मूळपुरुष कोण, गावात कसा आला, वतन कसं मिळालं, भाऊबंद कोण, अशी हकीकत. मग गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई. आणि खोटे कागद करणारे तेव्हाही होतेच. थोडक्यात, आपल्याकडे वंशावळ हौसेपोटी लिहिली गेलेली फार कमी. भांडणापोटी आणि महसुलापोटी लिहिली गेलेली जास्त.

याला एक सुंदर अपवाद म्हणजे तीर्थक्षेत्रातले उपाध्ये. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार. गाव आणि आडनाव सांगा, उपाध्ये वही काढतात आणि त्यात तुमच्या घरातला कोण कधी कोणाच्या अस्थी घेऊन आला होता हे लिहिलेलं असतं. कधीकधी आलेल्या माणसाने स्वतः लिहिलेलं किंवा सही केलेलं. परदेशातल्या लोकांनाही याची किंमत कळली आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या वंशशास्त्र संस्थेने १९७७ पासून हरिद्वारच्या बह्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या. आमच्या गावची वही नाशिकला निघाली. त्यात आजोबांचं नाव होतं, वळणदार अक्षरात. माणूस जेमतेम चार इयत्ता शिकलेला, पण सही अशी केली होती की जणू जहागिरीचा कागद.

आणि राजेलोकांचं तर विचारूच नका. तंजावरच्या भोसल्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. दगडावर. त्याला वाळवी लागत नाही.

मानमोडी

आता ती तीन अक्षरं.

आमच्या गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत १९१८ सालची ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं वेगळी दिसतात. एरवी महिनाभराच्या नोंदी एका पानात मावतात. त्या दोन महिन्यांत पानं भरून वाहतात. ही इन्फ्लुएन्झाची साथ. जगभर पसरलेली, जूनमध्ये मुंबईत उतरलेली आणि पावसाळ्यानंतर दुसऱ्या लाटेत खेडोपाडी गेलेली. गावाकडे तिला मानमोडी म्हणत. त्या पानांवर आमच्या घराच्या तीन नोंदी आहेत, नऊ दिवसांच्या आत. पणजोबांचे वडील, पणजोबांची आजी, आणि एक लहान मुलगी, जिचं नाव लिहिलेलं नाही. कारण तिन्ही ठिकाणी एकच: ताप.

पुढच्या वर्षीचा फेरफार मोडीत आहे. खातेदार मयत, वारस मुलगा अज्ञान, अ.पा.क. आई. आणि तिथे आईचं नाव.

हे नाव आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हतं. वडिलांना नाही, आत्याला नाही. त्या बाईने आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन ती जमीन सांभाळली. पुढच्या काही वर्षांत गहाणाचा एक फेरफार आहे आणि गहाण सोडवल्याचा एक. मुलगा सज्ञान झाल्यावर तिचं नाव कमी केल्याचा शेवटचा. बस्स. तीन-चार ओळींत एक अख्खं आयुष्य. आज माझ्या वडिलांच्या नावे असलेलं शेत आहे, कारण ती बाई होती. आणि आम्ही काय लक्षात ठेवलं, तर पानिपत! ज्याचा एक कागद मला अजून मिळालेला नाही.

मी आत्याला फोन करून नाव सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझं नाव तरी कुठे लागलंय रे सातबाऱ्यावर." तिने १९९० च्या दशकात भावांसाठी हक्कसोड करून दिली होती, सगळ्या बहिणी देतात तशी. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती २००५ सालची. हक्कसोड आजही सर्रास होते, पण निदान वंशावळीत मुलींची नावं तरी येतात. जुन्या वंशावळींत तीही नाहीत.

ज्यांचा फेरफार नाही

इथवर वाचून वाटेल की कष्ट घेतले तर प्रत्येकाचे पूर्वज सापडतात. तसं नाही.

वर सांगितलेल्या पायऱ्या पुन्हा बघा. जमीन असेल तर फेरफार. वतन असेल तर करीना. शाळेत घातलं असेल तर दाखला. एका गावात राहत असाल तर कोतवाल बुक. ज्यांना यातलं काहीच मिळालं नाही, त्यांचं काय?

माझा एक जवळचा मित्र, माझ्यासारखाच इंजिनिअर, भटक्या समाजातला. त्याच्या धाकट्या बहिणीला प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवं होतं. महाराष्ट्रात यासाठी मानीव तारखा ठरलेल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचा पुरावा लागतो. ज्याचे आजोबा पालं टाकत गावोगाव फिरत होते, त्याने १९६१ च्या आधीचा कुठल्या गावचा पत्ता दाखवायचा? जन्म कुठल्या कोतवालाने लिहिला असेल?

काही जमातींबाबत तर आणखी कडवट प्रकार आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ मध्ये तो वाढवला. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती केल्या, नावं नोंदवून हजेरी लावली. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. म्हणजे काही घरांतल्या आजोबांचं नाव कागदावर आहे, पण ते पहारा ठेवण्यासाठी लिहिलेलं. आमच्याकडे फेरफार, त्यांच्याकडे हजेरी.

मित्राच्या बाबतीत आम्ही दोघांनी मिळून शोधलं. त्याच्या वडिलांनी आठवून आठवून सांगितलं की एका चुलत आजोबांना सोलापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत एक वर्ष बसवलं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी कपाटाच्या तळातून १९५० च्या दशकातलं रजिस्टर काढून दिलं. दुपारी तीनच्या सुमाराला नोंद सापडली. नाव, बापाचं नाव, जात, गावाच्या रकान्यात 'फिरते'. शाळा सोडल्याचं कारण: 'गाव सोडले'. त्या एका ओळीवर त्याच्या बहिणीचा प्रवेश झाला. पुढे वंशावळ शपथपत्रावर करून जोडायची, चकरा मारायच्या, हे सगळं झालंच. पण ती ओळ नसती तर? त्या चुलत आजोबांना त्या वर्षी शाळेत बसवलंच नसतं तर?

हे एका घराचं नाही. २०२३ च्या सप्टेंबरात मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरती, मग राज्यभर. तेव्हा गावोगावच्या अभिलेख कक्षांत हेच रुमाल सुटले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, एक गोष्ट लक्षात घ्या: शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या कारकुनाने घाईत रकान्यात काय लिहिलं, यावर आज कोणाच्या तरी पोराचं कॉलेज ठरतंय. जुने कागद हा फक्त हौसेचा विषय राहिलेला नाही.

५१० पैकी ८

शेवटी थोडं गणित, सवयीने.

दोन आईवडील, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. आठ पिढ्या मागे, म्हणजे साधारण पेशवाईच्या अखेरीस, २५६. सगळ्यांची बेरीज ५१०. (मामाच्या मुलीशी लग्न वगैरेंमुळे काही माणसं दोनदा मोजली जातात, ती वजा करा.) आता तुमच्याकडे आठ पिढ्यांची सुंदर फ्रेम केलेली वंशावळ असेल, तर तिच्यात यातली किती माणसं असतात? आठ. बापाचा बाप, त्याचा बाप. ज्या बाईने जमीन वाचवली ती त्यात नाही. आईच्या घरचं कोणी नाही.

म्हणून 'आमचं मूळ घराणं अमुक' असं कोणी छाती काढून सांगितलं की मला आता हसू येतं. ५०२ माणसं गाळून उरलेल्या आठांचा अभिमान!

तुम्हाला यातलं काही करायचं असेल तर अभिलेख कक्ष नंतर. तो तिथेच असतो, नक्कलेचा अर्ज आणि थोडा संयम लागतो. आधी घरातलं सगळ्यात वयस्क माणूस गाठा, आणि शक्यतो बाई. तिला तिच्या आईचं नाव विचारा, आईच्या आईचं विचारा, माहेरचं गाव विचारा, कोण कशाने गेलं ते विचारा. लिहून घ्या, तारीख घाला. हा पुरावा कुठल्याही दफ्तरात नाही, आणि याची नक्कल मिळत नाही.

आमच्या आत्याने मी सांगितलेलं नाव देवघरातल्या वहीत लिहून ठेवलंय. त्याच्या खाली तिने स्वतःचं आणि तिच्या दोन्ही बहिणींचंही लिहिलं.